इंटरव्ह्यूत कोड लिहायलाच सांगितला नाही, आता तयारी कशाची करू?

रत्नागिरीकर
कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. परवा पुण्याच्या एका कंपनीचा इंटरव्ह्यू झाला. दोन वर्षं कोडिंगचे प्रश्न घोटले होते, त्यांनी मात्र एआयने लिहिलेला पायथनचा कोड समोर ठेवला आणि विचारलं, "यात चूक शोध." कोड चालत होता. दहा मिनिटं बघूनही सापडली नाही. शेवटी त्यांनीच दाखवली: युजरने टाइप केलेलं नाव जसंच्या तसं एसक्यूएल क्वेरीत (डेटाबेसला दिलेल्या आदेशात) जोडलं होतं. बाबांनी आंब्याच्या पैशातून फी भरलीय, झोप लागत नाही.

देवगडची ताई
नावाच्या जागी कुणी क्वेरीचा तुकडा टाकला तर डेटाबेसमधलं सगळं टेबल उघडं पडतं. पॅरामीटराइज्ड क्वेरी वापर, म्हणजे नाव आदेशात न मिसळता वेगळं, नुसती माहिती म्हणून जातं. मीही इंटरव्ह्यू घेते. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं, त्याआधी आम्ही लिंक्ड लिस्ट (एकमेकींना जोडलेल्या नोंदींची साखळी) उलटी करायचा कोड लिहायला सांगायचो. आता वाचायला देतो. तू रोज एआयकडून एक फंक्शन लिहून घे, पण रन करण्याआधी प्रत्येक ओळ काय करते ते वहीत लिही. खरंच वहीत, पेनाने. मग टेस्ट, म्हणजे तो कोड तपासणारा कोड, लिही: रिकामी यादी, ऋण संख्या, अवतरणचिन्ह असलेलं नाव.

मालवणी
गिट, म्हणजे कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं साधन, तेसुद्धा शिक रे. दुसऱ्याचे कमिट (नोंदवलेले बदल) वाचून नजर तयार होते.

रत्नागिरीकर
ताई, रात्री करून बघितलं. नावात अवतरणचिन्ह टाकलं, माझी जुनी क्वेरी लगेच कोसळली, नवी टिकली. टेस्टसाठी पायटेस्ट या पायथनच्या साधनापासूनच सुरुवात करू ना?