अनुभव धागा : परमेश्वराचं भय आणि त्याचा आशीर्वाद, आपापल्या घरातला

जय ख्रिस्त मंडळी.

आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यात लग्न असो की नव्या घराची प्रार्थना, पाळकसाहेब बायबलमधलं स्तोत्र 128 काढतातच. अवघी 6 वचनं. यरुशलेमेला सणासाठी चढून जाताना म्हणायच्या 15 स्तोत्रांपैकी (120 ते 134) हे एक. त्यात आधी परमेश्वराचं भय धरून त्याच्या मार्गांनी चालणारा माणूस येतो. मग त्याच्या हातच्या श्रमाचं फळ, मग घर आणि लेकरं, आणि शेवटी सगळ्या नगराचं कल्याण.

हल्लीच्या साक्षींमध्ये हा क्रम मला उलटा ऐकू येतो. प्लॉट झाला, व्हिसा लागला, गाडी आली, म्हणून देव मोठा. देव हेही देतो, त्याची स्तुती असो. पण यातलं काहीच न मिळालेली आणि तरीही देवासमोर वाकून उभी राहणारी माणसं मी लहानपणापासून पाहत आलोय. माझ्या लेखी आशीर्वाद त्यांच्याकडून आलाय. त्यांच्याविषयी लिहूया. तुमच्या घरात देवाचा आदर कुणाच्या वागण्यात दिसला? आशीर्वाद कुणाच्या हातून आला? कॅथलिक असा, प्रॉटेस्टंट असा, ख्रिस्ती नसलात तरी लिहा. नावं नकोत, गाव पुरे.

सुरुवात मी करतो.

नेवासा तालुका

आमच्या मंडळीत सुगीनंतर कापणीचा सण असतो. वेदीसमोर बाजरीची पोती, भोपळे, वांगी, अंडी, पाय बांधलेल्या कोंबड्या असं सगळं मांडतात. उपासना झाली की लिलाव. एकच अंडं चौघं विकत घेतात आणि परत देवाला देतात, पुन्हा त्याचा लिलाव. लहान मुलांना याची फार मजा वाटते.

1972 च्या दुष्काळात हा सण करायचा की नाही यावर मंडळीत बोलणं झालं, असं आजी सांगायची. शेतात काही उगवलंच नव्हतं. निम्मं गाव दुष्काळी कामावर खडी फोडत होतं. कामावर सुकडी मिळायची आणि रेशनवर लाल मिलो ज्वारी. काही जण म्हणाले, यंदा देवापुढे ठेवायला काय आहे? आजी आणि तिच्या बरोबरीच्या बायांनी मिळालेली सुकडी पितळीत घातली, फडक्यानं झाकली आणि देवळात नेऊन ठेवली. कुणी मिलोच्या भाकरी आणल्या. एकानं खडी फोडायची हातोडी आणून ठेवली, कारण त्या वर्षीचा त्याचा हातचा श्रम तोच होता. मग टाळ-पेटी घेऊन उपकारस्तुती झाली. त्या दिवशी लिलाव केला नाही. वेदीसमोरची सुकडी लेकरांना वाटून टाकली.

आजी हे सांगायची तेव्हा तिच्या आवाजात तक्रार नसायची. देवापुढे रिकाम्या हातानं जायचं नाही, एवढंच तिला ठाऊक होतं. आमच्या घरात आजही पहिली बाजरी दळायच्या आधी मंडळीसाठी बाजूला निघते. माझ्या नोकरीच्या पगारालाही आईनं तोच नियम लावला.

उत्तन, भाईंदर

आम्ही ख्रिस्ती कोळी. पावसाळी मासेमारी बंदी 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत असते. त्यानंतर बोटी पाण्यात जायच्या आधी फादर किनाऱ्यावर येतात. बोटींना बावटे लावलेले असतात, नाळेला हार असतो. फादर एकेका बोटीवर आशीर्वादाचं पाणी शिंपडत जातात. बर्फ भरलेला, डिझेल भरलेलं, पण तोवर दोराला कुणी हात लावत नाही.

माझे वडील नाखवा होते. घरी त्यांचा आवाज मोठा. बोटीवर मात्र शिवी चालायची नाही, खलाशांनाही ते आधीच सांगून ठेवायचे. डोल, म्हणजे पिशवीसारखं जाळं, सोडताना कपाळाला, छातीला, खांद्यांना बोटं लावून क्रूसाची खूण करायची आणि मगच पाण्याकडे बघायचं. पहिल्या डोलीला आलेल्या बोंबलांतला वाटा ज्या घरातला माणूस समुद्रातून परतला नाही त्या घरी जायचा. आम्ही पोरी तो टोपलीतून पोचवायचो. तिथल्या म्हाताऱ्या आमच्या डोक्यावर हात ठेवून पुटपुटायच्या.

मे 2021 मध्ये तौक्ते वादळात आमची नांगरलेली बोट शेजारच्या बोटीवर आपटून फुटली. आशीर्वाद दिलेलीच बोट. माझा धाकटा भाऊ रागानं म्हणाला, मग त्या पाण्याचा उपयोग काय? वडील तेव्हा होते. ते म्हणाले, सगळे खलाशी घरी आहेत, मोज. पुढचा हंगाम भाऊ दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी म्हणून गेला. बोट दुरुस्त झाली, तेव्हा फादरना बोलवायला तोच गेला. रागाचं पुढे काय झालं ते त्यानं सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

मडगाव

आमच्याकडे संध्याकाळी तेर्स, म्हणजे रोजरीची प्रार्थना, झाली की लहानांनी मोठ्यांकडून बेसांव, म्हणजे आशीर्वाद, घ्यायचं. आधी आजी, मग आजोबा, मग आईबाबा. भांडण झालेलं असलं तरी त्या वेळी हात जोडून समोर जावंच लागतं. बाबांशी अबोला धरून बसायचं आणि बेसांवही घ्यायचं, हे दोन्ही फार दिवस जमत नाही. मी आता पुण्यात असते, त्यामुळे फोनवर मागते.

आणखी एक. 5 ऑगस्टला राय गावात कणसांचं फेस्त (सण) असतं. फादर शेतात जाऊन विळ्यानं भाताची पहिली कणसं कापतात, त्यांना आशीर्वाद देतात आणि लोकांना वाटतात. घरी आणून ती आल्तारीवर ठेवायची. वर्षाचं पहिलं पीक माणसाच्या ताटात जाण्याआधी देवासमोर जातं. नेवाशाच्या दादांनी लिहिलेलं वाचून एकदम तेच आठवलं.

मिरज

मिरजेत डॉ. वानलेस यांनी 1894 साली मिशन दवाखाना काढला आणि या भागात परिचारिका होण्याची वाट कितीतरी ख्रिस्ती मुलींना मोकळी झाली. मी त्याच वाटेनं आले, नोकरी पुढे वेगवेगळ्या ठिकाणी झाली.

मला जिनं घडवलं ती वॉर्डातली एक वरिष्ठ सिस्टर. सकाळी ड्युटी बदलताना ती छोटी प्रार्थना करायची, रुग्ण कुठल्या धर्माचा आहे ते न बघता सगळ्यांसाठी. शस्त्रक्रियेआधी सर्जन क्षणभर थांबायचे, खोलीतली सगळी डोकी खाली. पण मी देवाचं भय शिकले ते तिच्या अंग पुसण्यातून. रुग्ण बेशुद्ध असला तरी पडदा ओढल्याशिवाय ती चादर काढायची नाही. जेवढा भाग पुसायचा तेवढाच उघडा, बाकी झाकलेलं.

एकदा रस्त्यावरून उचलून आणलेला एक म्हातारा गेला. कुणी नातेवाईक नव्हतं. वेळ रात्रीची, काम तुंबलेलं. मी घाईत होते. तिनं मला बाजूला घेतलं, गरम पाणी आणायला सांगितलं आणि त्या मृत माणसाशी बोलत बोलत त्याला पुसू लागली. "आजोबा, आता पाठ पुसते हं." नखं कापली, केस विंचरले. मी विचारलं, सिस्टर, हे आता कोण बघणार आहे? ती म्हणाली, ज्यानं घडवलं तो बघतोय.

तेव्हापासून मला कुठल्याही शरीराला घाईनं हात लावता आलेला नाही. सीमेपलीकडून येणाऱ्या कन्नड बोलणाऱ्या आज्या डिस्चार्ज घेताना आमच्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडायच्या. भाषा कळायची नाही, पण आशीर्वाद पोचायचा.

नाशिक रोड

मी ख्रिस्ती नाही. फेब्रुवारीत इथे बाळ येशूची यात्रा भरते, आई दरवर्षी मेणबत्ती लावायला जायची आणि मला न्यायची. शेजारच्या ख्रिस्ती काकू जेवणाआधी डोळे मिटायच्या, तेव्हा आम्ही मुलंही घास हातात धरून थांबायचो. माझ्या घरी अजून पहिल्या घासाआधी सगळे थांबतात. एवढंच लिहायचं होतं.

जालना

लिहू की नको असं बराच वेळ चाललं होतं.

आमच्या लग्नात स्तोत्र 128 वाचलं होतं. तिसऱ्या वचनात बायको फलद्रूप द्राक्षवेलीसारखी आणि मुलं मेजाभोवती जैतुनाच्या रोपांसारखी असं आहे. आम्हाला मूल झालं नाही. त्यानंतर प्रत्येक प्रार्थनासभेत माझ्या डोक्यावर हात आले. प्रेमानं आलेले हात मला कळतात, त्यांचा मला कधीच त्रास झाला नाही. पण बाहेरून आलेल्या एका उपदेशकानं भर सभेत सांगितलं की या घरात काहीतरी लपवलेलं पाप आहे, म्हणून आशीर्वाद अडलाय. माझे पती माझा हात धरून उठले आणि आम्ही घरी आलो. मी उपासनेला जाणं बंद केलं नाही, पण मागच्या बाकावर बसू लागले.

आमच्या मंडळीत एक जुन्या बायबलबाई होत्या. सायकलवर पिशवी अडकवून वाड्यावस्त्यांवर फिरून बायकांना शास्त्र वाचून दाखवण्यात त्यांचा जन्म गेलेला. त्या घरी आल्या, चहा घेतला आणि लूकचा पहिला अध्याय काढायला सांगितला. सहावं वचन मोठ्यानं वाचायला लावलं. जखऱ्या आणि अलीशिबा, दोघं देवाच्या दृष्टीनं नीतिमान आणि निर्दोष. मग सातवं. त्यांना मूलबाळ नव्हतं. बाई म्हणाल्या, "ही दोन वचनं पवित्र आत्म्यानं शेजारी शेजारी ठेवलीत. देवदूत अजून आलेला नाही. योहानाचा पत्ता नाही. तेव्हाच देवानं त्यांना निर्दोष म्हटलंय." मग त्यांनी हन्नाची आठवण करून दिली. देवाच्या घरात ती रडून प्रार्थना करत होती आणि खुद्द याजक एलीला वाटलं, बाई प्यायलेली आहे. देवाच्या माणसांनाही दुसऱ्याचं काळीज वाचता येतंच असं नाही.

अलीशिबेला पुढे योहान झाला, हन्नेला शमुवेल. मला कुणी झालं नाही. बाईंनी मला तसं वचनही दिलं नाही, आणि म्हणून मी त्यांच्यावर विश्वास ठेवला. जाताना त्यांनी आम्हा दोघांच्या डोक्यावर हात ठेवले आणि काहीही न मागता नुसता आशीर्वाद दिला. मूल मागितलं नाही. असं आमच्या बाबतीत पहिल्यांदाच घडत होतं.

मी पुढच्या बाकावर परत आले. शब्बाथशाळा घेते. लग्नाच्या वाढदिवशी आम्ही दोघं स्तोत्र 128 पूर्ण म्हणतो, तिसरं वचन न गाळता.

(धागाकर्ता, नेवासा)

जालन्याच्या ताई, तुमचा अनुभव घरी मोठ्यानं वाचून दाखवला. आमच्याही मंडळीत अशी घरं आहेत आणि त्यांच्यासमोर आम्ही काय काय बोलून गेलोय ते आठवत होतो. लूक 1:6-7 पुढच्या बैठकीत वाचणार आहे. आभार.

परतवाडा

वडील पाळक होते. परतवाड्याजवळ कोठाऱ्याला कुष्ठरोग्यांचं मिशन हॉस्पिटल आहे, तिथे ते उपासनेला जायचे. मी सोबत असायचो. उपासनेच्या शेवटी बायबलच्या गणना पुस्तकातला (6:24-26) याजक अहरोनाचा आशीर्वाद असतो, परमेश्वर तुला आशीर्वाद देवो व तुझे संरक्षण करो, तो. पाळक हात उंचावतात, मंडळी डोकी लववते, आणि संपलं. वडील तिथे हात उंचावून थांबायचे नाहीत. खाली उतरून रांगेतल्या प्रत्येकाच्या डोक्यावर तळवा टेकवायचे, नाव घ्यायचे, मग आशीर्वाद पूर्ण म्हणायचे. वेळ लागायचा. मी कंटाळायचो. त्या लोकांना घरच्यांनीही वर्षानुवर्षं शिवलेलं नसायचं, हे मला फार उशिरा समजलं. येशूनं महारोग्याला आधी हात लावला आणि मग शुद्ध केलं, हे मार्कच्या पहिल्या अध्यायात आहे. वडिलांनी त्यावर उपदेश केल्याचं मला आठवत नाही.

घरी कुणी परीक्षेला निघालं, परगावी निघालं की याच तीन ओळी. आता माझी मुलगी बूट घालून दारात थांबते.

कुवेत

इथे आठवड्याची सुट्टी शुक्रवारी, म्हणून उपासनाही शुक्रवारी. आम्ही मराठी घरं मोजकीच. वडीलधारं कुणीच नाही, सगळे तिशी-चाळिशीतले. परतवाड्याचा अनुभव वाचून विचारतो : आजी-आजोबा जवळ नसतील तर मुलांना आशीर्वाद कोण देतं तुमच्याकडे?

(परतवाडा)

तुम्हीच द्या. अहरोनाला ते शब्द देवानं दिले होते, त्याचे स्वतःचे नव्हते. म्हणणाऱ्याचं वय त्यात कुठे विचारलेलं नाही. डोक्यावर हात ठेवा, मुलाचं नाव घ्या, तिन्ही वचनं सावकाश म्हणा.

मरोळ, मुंबई

आम्ही ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईचे मूळचे कॅथलिक. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आमचा आगेरा, म्हणजे नव्या भाताचा सण. आमच्या आजोबांची भातशेती होती, तिथे आता कारखाने आणि ऑफिसं आहेत. शेत गेलं तरी सण थांबवला नाही. भाताच्या पेंढ्या बाहेरून आणतो. चर्चमध्ये फादर त्यांना आशीर्वाद देतात, घरटी लोंब्या वाटल्या जातात आणि त्या आम्ही देवाच्या फोटोपाशी लावतो. शेजारच्या सोसायट्यांतली मुलं भात पहिल्यांदाच लोंबीवर बघतात, त्यांनाही एकेक देतो. पेंढ्या डोक्यावर घ्यायला दरवर्षी माणसं कमी पडतात. मुंबईत असाल तर त्या रविवारी सकाळी लवकर या, लुगडं नेसून किंवा धोतर नेसून आलात तर आमच्या म्हाताऱ्यांना फार बरं वाटेल.