एल्कहार्टच्या घरकारखान्यात सेफ्टीची नोकरी, आणि तिथलंच घर घ्यायचा विचार. टॅक्स क्रेडिट खरंच मिळतं का?

चाकणकर

नमस्कार मंडळी. मी मूळचा राजगुरुनगरचा. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत नऊ वर्षं सेफ्टीला होतो, एडीआयएस (औद्योगिक सुरक्षेचा डिप्लोमा) केलेलं आहे. बायकोच्या नोकरीमुळे इंडियानात आलो, गेल्या वर्षी ग्रीन कार्ड हातात पडलं. आता एल्कहार्ट काउंटीतल्या एका मॅन्युफॅक्चर्ड होमच्या प्लँटमधून सेफ्टी कोऑर्डिनेटरची ऑफर आली आहे. अख्खं घर कारखान्यात बांधून लोखंडी चासीवर ट्रकला जोडून पाठवतात, तो धंदा.

मुलाखतीनंतर त्यांनी लाइन दाखवली. छपरावर एक माणूस चालत होता. अंगात हार्नेस होता, पण त्याचा हुक वरच्या रेलला नव्हता, स्वतःच्याच कमरेच्या कडीत अडकवलेला होता. मी विचारलं तर लीड, म्हणजे टोळीचा मुकादम, म्हणाला, "आज जरा घाई आहे." ते डोक्यातून जात नाहीये. नोकरी घ्यावी का, आणि घेतली तर पहिल्या दोन-तीन महिन्यांत काय बघावं?

दुसरं म्हणजे आम्ही अजून भाड्याने राहतो आणि दोन भागांचं डबलवाइड घर घ्यायचं मनात आहे. डीलरकडचा माणूस म्हणाला, पहिलंच घर असेल तर सरकारकडून 8,000 डॉलर परत मिळतात, शिवाय वीज वाचवणारं घर म्हणून 5,000. हे खरं आहे का? त्या भरवशावर आम्ही डाउन पेमेंटचा हिशोब मांडून बसलोय.

मंजिरी_टॅक्स

चाकणकर, तो हिशोब आज रात्रीच पुसून टाका. मी गेली सतरा वर्षं इथे लोकांचे रिटर्न भरते.

8,000 डॉलरचं क्रेडिट, म्हणजे करातली थेट सूट, खरं होतं, पण ते 2009-10 सालचं. 1 जानेवारी 2009 पासून घेतलेल्या घरांना किमतीच्या 10 टक्के, जास्तीत जास्त 8,000 मिळत. करार 30 एप्रिल 2010 पर्यंत व्हायला हवा होता. क्लोजिंगची, म्हणजे व्यवहार पुरा होऊन घर ताब्यात येण्याची, मुदत आधी 30 जून होती, ती पुढे 30 सप्टेंबरपर्यंत वाढवली. फॅक्टरीत बनलेली घरंही त्यात बसत. त्यानंतर असं केंद्राचं क्रेडिट पुन्हा आलेलं नाही. 2021 मध्ये 15,000 डॉलरपर्यंतचं एक विधेयक मांडलं गेलं होतं, ते मंजूर झालं नाही. लोक त्याच्या जुन्या बातम्या दाखवतात आणि विक्रेते गोड बोलतात.

5,000 चं क्रेडिटही आहे, पण ते तुमचं नाही, घर बांधणाऱ्याचं आहे. वीज वाचवणाऱ्या घरांचे हे सरकारी दर्जे: एनर्जी स्टार घराला 2,500 आणि त्याहून कडक झिरो एनर्जी रेडी दर्जाच्या घराला 5,000. तुमच्या बाबतीत म्हणजे ते फॅक्टरीच्या रिटर्नमध्ये जाणार. आणि 30 जून 2026 नंतर घेतलेल्या घरांवर ते बंद. तुम्ही फार तर इतकंच विचारू शकता की तुम्हाला ते मिळतंय, मग किमतीत मला किती सोडता? विचाराच. उत्तर लेखी घ्या.

मग तुमच्या हातात काय राहतं? कर्जाचं व्याज वजा करता येतं. घरात झोपायची, स्वयंपाकाची आणि संडासाची सोय असली की कायद्याने ते घरच, चाकं असोत नसोत. पण 1,10,000 च्या कर्जावर 8 टक्क्यांनी पहिल्या वर्षी साधारण 8,800 व्याज होईल, आणि नवरा-बायकोचं स्टँडर्ड डिडक्शन 2025 साली 31,500 होतं. बाकी मोठी वजावट नसेल तर त्या व्याजाचा करात काहीच उपयोग होत नाही. हे कुणी तोंडावर सांगत नाही म्हणून सांगते. आयआरएमध्ये (निवृत्तीच्या बचत खात्यात) पैसे असतील तर पहिल्या घरासाठी प्रत्येकी 10,000 पर्यंत दंडाशिवाय काढता येतात, मात्र पारंपरिक आयआरए असेल तर त्यावरचा नेहमीचा कर लागतोच. काही राज्यांत मॉर्टगेज क्रेडिट सर्टिफिकेट मिळतं, त्याने व्याजाच्या काही भागाइतकी करात थेट सूट मिळते. ते कर्ज घेण्याआधी मागावं लागतं, नंतर नाही.

आणि जमीन? स्वतःची असेल तर घराचं टायटल (मालकीचा कागद) बीएमव्हीकडून, म्हणजे राज्याच्या वाहन नोंदणी खात्याकडून, जमिनीत विलीन करून रीतसर गृहकर्ज घेता येईल का ते बघा. भाड्याच्या लॉटवर असाल तर बहुतेक चॅटल लोन मिळेल, म्हणजे जमीन सोडून नुसत्या घरावरचं, गाडीसारखं कर्ज. त्याचा दर चढा आणि मुदत कमी.

बापू_एल्कहार्ट

मंजिरीताईंनी आकडे चोख दिलेत. माझं बोलणं लांबेल, पण वाच.

मी मिरजेचा. 1989 ला बहिणीकडे आलो, 1994 पासून एकवीस वर्षं याच काउंटीत घरांच्या लाइनवर काढली, त्यातली तेरा छपरावर. नाव प्लँटचं घेत नाही. माझ्या तिथल्या दोस्तांपैकी निम्मे आमिश (जुन्या साध्या राहणीचा ख्रिस्ती पंथ) आणि निम्मे मेक्सिकोचे. तू पाहिलास तो कमरेत अडकवलेला हुक मी हजार वेळा पाहिलाय आणि स्वतःही तसाच चाललोय.

टॅक्स क्रेडिट आणि तो हुक या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत रे. ओबामा एल्कहार्टला आले 9 फेब्रुवारी 2009 ला, तेव्हा इथली बेकारी पंधरा टक्क्यांच्या वर होती. 1998 ला देशात पावणेचार लाखांच्या आसपास घरं फॅक्टरीतून निघत, ती 2009 ला पन्नास हजारांच्या खाली आली. आमच्याकडे निम्मे लोक घरी बसलेले. मग ते क्रेडिट आलं. मी मार्च 2009 ला घर घेतलं, 8,000 परत मिळाले, तीन वर्षं राहिलो म्हणून फेडायचे नव्हते. माझ्या शेजाऱ्याने नोव्हेंबर 2008 ला घेतलं होतं, त्याला 7,500 मिळाले, पण ते बिनव्याजी कर्ज निघालं. बिचारा वर्षाला 500 करत 2024 च्या रिटर्नपर्यंत फेडत होता. चार महिन्यांचा फरक. म्हणून सांगतो, कुठलीही सवलत कानाने घेऊ नकोस, फॉर्म वाचून घे.

आता 2010 चा वसंत. 30 एप्रिलच्या आत करार आणि 30 जूनच्या आत क्लोजिंग, म्हणजे मधल्या दोन महिन्यांत घर बांधून, नेऊन, बसवून व्हायला हवं. आमची लाइन दिवसाला पाच फ्लोअरची, म्हणजे घराच्या पाच भागांची, होती ती आठवर नेली. माणसं तेवढीच. शनिवारीही पहाटे पाचला शिफ्ट. बोनस दिवसाच्या फ्लोअरवर, अख्ख्या टोळीला मिळून. मग एक जण हुक लावायला थांबला की बाकीचे अकरा जण त्याच्याकडे बघणार. माणूस वाईट नसतो, पगाराची रचनाच तशी असते.

मे महिन्यात एक बावीस वर्षांचा पोरगा ट्रस, म्हणजे छपराचा लाकडी सांगाडा, ठोकत होता. नेलगन बंप ट्रिगरची, म्हणजे ट्रिगर दाबूनच ठेवायचा आणि नळी टेकवली की खिळा सुटतो. गन उसळली, परत टेकली आणि दुसरा खिळा त्याच्या डाव्या हाताच्या अंगठ्याजवळून, हातमोज्यातून आरपार लाकडात गेला. हात ट्रसला खिळलेला. तो ओरडला नाही, फक्त "बापू, बापू" म्हणत राहिला. मी पक्कड घेऊन धावलो, तेवढ्यात एक वयस्कर आमिश माणूस म्हणाला, ओढू नकोस. आम्ही हाताच्या दोन्ही बाजूंनी लाकूडच कापलं आणि ट्रसचा तुकडा हातासकट मांडीवर घेऊन त्याला गाडीत बसवलं. खिळ्यांना गोंद असतो, वायरीचे बारके तुकडे असतात, ते जखमेत राहतात. डॉक्टरांना दोन तास लागले.

त्या वेळी प्लँटवर बोर्ड होता, अपघाताविना 87 दिवस. नव्वद झाले की सगळ्यांना जॅकेट. तो अपघात रजिस्टरला चढला नाही. मी सही केली नव्हती, पण बोललोही नाही. सोळा वर्षं झाली, ते मला टोचतंय. म्हणून हे लिहितोय.

तू नोकरी घे. तुझ्यासारखा माणूस तिथे हवाय. पण सही करण्याआधी एक गोष्ट लेखी माग: लाइन थांबवायचा अधिकार. भारतात मोठ्या कारखान्याला कायद्यानेच सेफ्टी ऑफिसर ठेवावा लागतो. इथे ओशाचा, म्हणजे केंद्राच्या कामगार सुरक्षा खात्याचा, तसा सरसकट नियम नाही, तुझं वजन कंपनी देईल तेवढंच. नाही म्हणाले तर तू फक्त पोस्टर लावायला आहेस असं समज.

गेल्यावर आधी नेलगन मोज. किती बंपच्या, किती सिक्वेन्शियलच्या. सिक्वेन्शियलला आधी नळी टेकते, मग ट्रिगर, दरवेळी नव्याने. लोक म्हणतील वेग जातो. थोडा जातो. छपरासाठी चार फुटांचा नियम धर, म्हणजे तेवढ्या उंचीपासून पडण्यापासून बचाव हवाच, कारण प्लँट जनरल इंडस्ट्रीत (कारखान्यांच्या नियमांत) येतो. सहा फूट हा बांधकामाचा आकडा आहे, तो तुझ्या तोंडावर फेकतील. इथे तपासायला केंद्राची नाही, राज्याची आयओशा येते.

मग फोम. छताच्या ट्रसला जिप्समचा बोर्ड चिकटवायला जो दोन डब्यांतून फवारतात, त्यात आयसोसायनेट असतं. एकदा शरीराने त्याचा धसका घेतला की नंतर नुसत्या वासानेही दम लागतो. माझ्या छातीत अजून शिट्टी वाजते, मिरजेला गेलो की आई रात्री उठून बसायची. रेस्पिरेटर नुसते वाटून चालत नाही. आधी वैद्यकीय तपासणी, मग फिट टेस्ट, आणि दाढी असेल तर घट्ट बसणारा मास्क बसत नाही. आमिश लग्न झालेली माणसं दाढी काढणार नाहीत, त्यांच्या धर्माचा भाग आहे तो. त्यांना सैल हुडचा, हवा ढकलणारा रेस्पिरेटर लागतो. महाग आहे. पहिल्याच बजेटमध्ये माग.

आणि ते 5,000 चं क्रेडिट 30 जून 2026 ला संपतंय ना, तेव्हा त्या तारखेआधीचे आठवडे डोळ्यात तेल घालून बघ.

रोहिणी_नॉक्सव्हिल

बापू, वाचून हात थरथरले. आम्ही 2022 ला डबलवाइड घेतलं, त्यावरून एक सांगते. जुनं घर बघत असाल तर बाहेरच्या भिंतीवर प्रत्येक भागाला एक अशी लाल धातूची एचयूडीची (केंद्राच्या गृहनिर्माण खात्याची) पट्टी बघा, आणि आत ओट्याच्या कपाटात किंवा बेडरूमच्या कपाटात डेटा प्लेटचा, म्हणजे घराच्या माहितीचा, कागद. 15 जून 1976 नंतरच्या घरांनाच ती असते. आमच्या बँकेने पहिला फोटो तोच मागितला. आणि घर बसवायला आले तेव्हा एक जण नुसत्या जॅकवर टेकलेल्या घराखाली झोपून सरपटत होता, खाली लाकडी ठोकळे रचलेले नव्हते. माझ्या नवऱ्याने त्याला हाताला धरून बाहेर काढलं आणि म्हणाला, आम्हाला आज घर नको, उद्या चालेल.

चाकणकर

मंजिरीताई, हिशोब पुसला. 13,000 वजा केल्यावर आम्हाला अजून वर्षभर भाड्यानेच राहावं लागेल. बायको थोडी नाराज झाली, पण चॅटल लोनचा दर ऐकून तीच म्हणाली थांबू.

बापूकाका, काल एचआरला मेल टाकला की लाइन थांबवायचा अधिकार ऑफर लेटरमध्ये लिहून द्या. आज उत्तर आलं, "प्लँट मॅनेजरशी बोलून" असं घालून. मी परत लिहिलं की माणूस पडत असताना मॅनेजरला फोन लावत बसणार नाही. थांबलोय.

बापू_एल्कहार्ट

बरोबर लिहिलंस. उत्तर आलं की इथे टाक. आणि त्या पोराचा हात आता चालतो, अंगठा पूर्ण वळत नाही. गोशेनला स्वतःचं गॅरेज आहे त्याचं. तुला भेटायचं असेल तर मी घेऊन जातो.

चाकणकर

आलं. "प्लँट मॅनेजर" काढलं त्यांनी. सोमवारी पहाटे पाचला हजर होतोय. आधी नेलगन मोजतो. गोशेनला शनिवारी जाऊ का काका?