मदत हवी आहे: ब्रेक कॅलिपरला स्टेनलेसचे बोल्ट चालतील का?

मंडळी, मुक्काम रत्नागिरी. खाऱ्या हवेने मोटरसायकलच्या पुढच्या कॅलिपरचे (डिस्कवर ब्रेक पॅड दाबणारा भाग) एम8, म्हणजे 8 मिमीचे बोल्ट गंजलेत, डोकी झिजून पाना घसरतोय. मूळ बोल्टवर 8.8 हा ताकदीचा दर्जा कोरलाय. दुकानदार म्हणतो ए2-70 दर्जाचे स्टेनलेस टाका, गंजायचं नावच नाही. पण ए2-70 ची यील्ड (ज्या ताणाला बोल्ट कायमचा लांबतो तो) 450 मेगापास्कल, 8.8 ची 640. ब्रेकच्या जागी एवढी तूट मला पटत नाही. शिवाय फोर्कचा (पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांचा) खालचा भाग ॲल्युमिनियमचा. स्टेनलेसच्या संगतीत खारट ओलाव्याने तोच आधी खाल्ला जाईल.

झिंक फ्लेक कोटिंगचे (जस्ताच्या बारीक कणांचा गंजरोधक थर असलेले) 8.8 किंवा 10.9 बोल्ट किरकोळीत कुठे मिळतील? आणि अडकलेला बोल्ट आटे न मोडता कसा काढायचा? याच गाडीवर मुलीला शाळेत सोडतो, म्हणून जरा लवकर सांगा.