मदत हवी: आय ट्रॅकरचा पॉइंटर उड्या मारतोय

गोदाकाठ
वडिलांना एएलएस (स्नायू हळूहळू निकामी करणारा मज्जातंतूंचा आजार) आहे. हातपाय चालत नाहीत, बोलणं गेलंय. डोळ्यांनी चालवायला गेमिंगचा यूएसबी आय ट्रॅकर, म्हणजे नजरेने पॉइंटर हलवणारी पट्टी, घेतला. कॅलिब्रेशन (ट्रॅकरला नजर ओळखायला शिकवणं) पूर्ण होतं, पण बघतात एका अक्षराकडे आणि लागतं शेजारचंच. ड्रायव्हर तीनदा काढून टाकला. मराठीत टाइप करायचंय. आठ दिवस यातच गेले. कृपया एकच नेमका उपाय सांगा. डॉक्टर, हॉस्पिटल सुचवू नका, ते चालू आहे.

सातपूरकर
एकच उपाय सांगायला निदान पाच गोष्टी तरी कळायला हव्यात. बसून की झोपून? चष्मा आहे का? स्क्रीन किती इंची, डोळ्यांपासून किती लांब? खिडकी कुठल्या बाजूला? ट्रॅकर थेट लॅपटॉपला जोडलाय की हबमधून?

कोरडा_विनोद
रॅम ८ जीबी असेल तर १६ करा, एसएसडी टाका. सगळं सुरळीत होईल.

गोदाकाठ
रॅम १६ आहे. विंडोज ११. लॅपटॉप १५ इंची, ट्रॅकर स्क्रीनखाली चिकटवलाय, थेट जोडलाय. बाकी सगळं नेहमीसारखंच आहे.

सातपूरकर
गडबड त्या 'नेहमीसारखं' मध्येच असणार. पलंगावर पाट, पाटावर लॅपटॉप आणि वडील उशीला टेकून, असं असेल तर स्क्रीन छातीपाशी येते. नजर खाली गेली की वरची पापणी अर्ध्या बुबुळावर उतरते. ट्रॅकर डोळ्यावर इन्फ्रारेड प्रकाश टाकतो आणि बाहुली व कॉर्नियावरची (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावरची) चमक या दोन्हींवरून नजर मोजतो. यातलं एक जरी झाकलं गेलं तरी पॉइंटर भरकटतो. एएलएसमध्ये डोळ्यांचे स्नायू बहुधा शेवटपर्यंत साथ देतात, त्यामुळे संशय आधी मांडणीवर घ्या.

स्क्रीन चेहऱ्याला समांतर हवी. डोकं मागे कललं असेल तर स्क्रीनही तेवढीच पुढे झुकवायची. अंतर ५५ ते ६५ सेंमी, टेपने मोजा. लॅपटॉप असा टांगता येत नाही, म्हणून २२ इंची मॉनिटर आणि वेसा भोकांचा (मॉनिटरच्या पाठीला स्क्रूने बसणारा) आर्म घ्या. भोकं ७५ की १०० मिमीची ते मॉनिटरच्या पाठीवर बघा. आर्म पलंगाला लावू नका, कूस बदलताना पलंग हलला की कॅलिब्रेशन गेलं. भिंतीला किंवा जड टेबलाला लावा.

त्र्यंबकवाटे
पंचकर्म करून बघितलंत का? आमच्याकडे एक वैद्य आहेत, पत्ता हवा असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

रेझिस्टर
धागा पॉइंटरचा आहे हो काका.

गोदाकाठ, सगळा भार डोळ्यांवर टाकू नका. शरीरात कुठं थोडीही हालचाल उरलीय का? एक बोट, भुवई, गाल, काहीही. एका क्लिकवर पूर्ण संगणक चालतो. विंडोजच्या ऑन-स्क्रीन कीबोर्डच्या ऑप्शन्समध्ये 'स्कॅन थ्रू कीज' आहे. ते लावलं की कीबोर्डवर उजेड सरकत जातो, हव्या जागी आला की क्लिक करायचं. कॅलिब्रेशन नाही, ट्रॅकरसारखी उन्हाची कटकट नाही.

सातपूरकर
वेग बोला ना. इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डमध्ये महाप्राण (ख, घ, थ, भ वगैरे) सगळे शिफ्टवर, जोडाक्षराला मधे हलंत वेगळा. 'नाशिक' लिहायला न, काना, शिफ्ट, श, पहिली वेलांटी, क अशा सहा निवडी. प्रत्येक निवडीला उजेड फिरून यायची वाट बघायची. डोळ्यांनी याच सहा निवडी कितीतरी लवकर होतात.

रेझिस्टर
होतात, ट्रॅकर चालला तर! त्यांचा आज चालत नाहीये.

शब्दफलक
मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. दोघांचं भांडण चालू दे, पण वीज बराच वेळ गेली की दोन्ही बंद. म्हणून नजरेने अक्षर दाखवायचा एक फलकही करून ठेवा. ३ मिमी जाड पारदर्शक अ‍ॅक्रिलिक घ्या, साधारण ४० गुणिले ५० सेंमी, मधे १५ गुणिले २० ची खिडकी कापून घ्या. नाशिकमध्ये अंबडला लेझर कटिंगवाले करून देतात. कडेने आठ खण: क, च, ट, त, प हे पाच वर्ग, सहावा य र ल व श, सातवा ष स ह ळ, आठवा स्वरांचा. आपली वर्णमाला मुळातच पाच-पाचांत लावलेली आहे, याचा इतका फायदा दुसरीकडे कुठं होत नाही. खणांवर १ ते ५ आकडेही लिहा. पहिली नजर कुठला वर्ग ते सांगते, दुसरी नजर आकड्यावर, त्यातलं कितवं अक्षर ते. त वर्ग आणि पाचवा म्हणजे न. मग स्वरांचा खण आणि दुसरा म्हणजे काना. पाचांहून जास्त स्वर लागले तर खणाखाली जादा आकडे लिहा.

समोरच्याला अक्षरं उलटी दिसतात आणि डावं-उजवं बदलतं, म्हणून मागच्या बाजूनेही त्याच खणावर तीच अक्षरं सुलटी चिकटवा. 'हो' साठी डोळे वर, 'चुकलं' साठी मिटून धरणे, हे आधी ठरवा. आणि शब्द पुरा होण्याआधी घाईने ओळखत सुटू नका, त्याने माणूस थकतो.

फोनप्रेमी
एवढा खटाटोप कशाला? २०२४ च्या आयपॅडओएस १८ पासून आयपॅडमध्येच आय ट्रॅकिंग आहे. अँड्रॉइडला स्विच अ‍ॅक्सेसमध्ये कॅमेरा स्विच आहेत: भुवया उंचावणे, तोंड उघडणे, डावीकडे-उजवीकडे बघणे. गूगलचा मराठी आवाज वाचूनही दाखवतो.

सातपूरकर
आयपॅडचं ट्रॅकिंग समोरच्या साध्या कॅमेऱ्यावर चालतं. मोठी बटणं जमतील, मराठी कीबोर्डचे बारीक खण नाही. अँड्रॉइडचं मात्र करून बघण्यासारखं आहे, फुकट आहे.

गोदाकाठ
चष्मा आहे, बायफोकल. पाट पलंगावरच आहे, बरोबर ओळखलंत. एक सांगायचं राहिलं: रात्री बऱ्यापैकी चालतं, सकाळी अजिबात नाही. उजव्या हाताचा अंगठा किंचित हलतो.

सातपूरकर
हे पहिल्याच ओळीत हवं होतं! सकाळी नाही आणि रात्री चालतं म्हणजे खिडकी पूर्वेला. उन्हात इन्फ्रारेड भरपूर, ट्रॅकरची चमक त्यात बुडते. जाड पडदा लावा, नुसती जाळी नको. खोलीत एलईडी ट्यूब चालेल, पिवळा तारेचा बल्ब नको. थंडीत लाल कांड्यांचा हीटर लावत असाल तर तोही ट्रॅकरच्या समोर नको. निफाडचा पारा उतरला की लोक तो हमखास पायथ्याशी ठेवतात.

बायफोकलची रेघ बरोबर नजरेच्या वाटेत येते. चष्मेवाल्याला 'साठ सेंमीवरच्या स्क्रीनसाठी एकाच नंबरचा चष्मा' असं सांगून करून घ्या. तोवर ट्रॅकरच्या सेटिंगमध्ये एकच डोळा निवडून बघा, ज्याची पापणी कमी उतरते तो.

शब्दफलक
डोळ्यांत थेंब घालत असतील तर घातल्या घातल्या कॅलिब्रेशन नको, दहा मिनिटं जाऊ द्या. मलम असेल तर ते रात्रीच. उघडझाप कमी होऊन डोळे कोरडे पडतात, म्हणून सुरुवातीला पंधरा-वीस मिनिटांवर ताणू नका.

आणखी एक. विंडोजचं स्वतःचं आय कंट्रोल आहे, पण त्यात मराठी शोधू नका. ऑन-स्क्रीन कीबोर्डला मराठी लेआउट निवडा, 'होव्हर ओव्हर कीज' (पॉइंटर अक्षरावर थांबला की ते उमटतं) लावा, थांबण्याचा वेळ आधी १.५ सेकंद ठेवा. पॉइंटर नजरेने हलवायला ऑप्टिकी हा प्रोग्रॅम आहे, मोफत.

रेझिस्टर
अंगठा हलतोय! मग आजच करा. जुना वायरवाला माऊस उघडा, डाव्या क्लिकच्या मायक्रोस्विचला दोन वायरी जोडा, टोकाला ३.५ मिमीचं मोनो सॉकेट. तळाच्या सेन्सरवर काळी चिकटपट्टी, नाहीतर पॉइंटर आपोआप सरकेल. माऊसचंच बटण अंगठ्याला जड जाईल, म्हणून सॉकेटमध्ये लांब पात्याचा हलका लिमिट स्विच लावा आणि पात्याच्या टोकावर अंगठा टेकवा.

पुढे अंगठाही गेला तर चष्म्याच्या दांडीवर टीसीआरटी ५००० हा इन्फ्रारेड सेन्सर लावून गालाची हालचाल पकडता येते. गालापासून ३ ते ५ मिमी. त्याचं आउटपुट थेट माऊसला जोडू नका, मधे ऑप्टोकपलर (दोन सर्किट वेगळी ठेवून सिग्नल प्रकाशाने पोचवणारा भाग) घाला. त्यालाही ऊन चालत नाही, आधीच सांगून ठेवतो.

स्कॅनचा वेग अंदाजाने लावू नका. उजेड दिसल्यापासून क्लिक होईपर्यंतचा वेळ दहा वेळा मोजा, सरासरीला ०.६५ ने भागा. ०.८ सेकंद आला तर साधारण १.२ वर सुरुवात.

कोरडा_विनोद
बरं, पण बॅटरीचा यूपीएस आहे का? आमच्या सिडकोत परवा दोन तास वीज नव्हती.

शब्दफलक
म्हणूनच अ‍ॅक्रिलिक. आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढलं नसेल तर स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून ठेवा.

गोदाकाठ
पाट काढला, लॅपटॉप तात्पुरता टेबलावर पुस्तकांच्या थप्पीवर पुढे झुकवून ठेवला, खिडकीच्या पडद्यावर चादर टाकली, एकच डोळा घेतला. आत्ता सकाळी साडेनऊला मोठे खण बरोबर लागतायत. कोपऱ्यातले अजून चुकतात. चष्मा सोमवारी मिळेल. माऊस उघडला, पण स्विचला तीन पिना आहेत. कुठल्या दोन?

रेझिस्टर
यूएसबी काढून ठेवा. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर लावा, बटण दाबल्यावरच ज्या दोन पिनांवर बीप येते त्या. न दाबता वाजत असेल तर ती जोडी चुकीची.

सातपूरकर
कोपरे चुकतायत म्हणजे स्क्रीन अजून तिरकी आहे. बाजूने मोबाईलवर फोटो काढा, चेहरा आणि स्क्रीन दोन्ही येतील असा, आणि इथे टाका.