डायलअप (फोन लाईनवरचं नेट) लागतंय, आयपी (नेटवरचा आकडी पत्ता) मिळतोय, पण साइट एकही उघडत नाही (रेड हॅट लिनक्स ९)

अर्धवट_आयटी:
मंडळी मदत करा, डोकं बंद पडलंय. मोडेम बाहेरचा ५६के, विंडोजच्या कॉम १ पोर्टला म्हणजे इकडच्या लिनक्समधल्या टीटीवायएस० ला लावलाय. डब्ल्यूव्हीडायल (नंबर फिरवणारा प्रोग्राम) चालवलं की किरकिर करून कनेक्ट होतो, पासवर्ड घेतो, दोन्ही आयपी, माझा नि समोरचा, स्क्रीनवर येतात आणि पुढे सामसूम, मोझिला ब्राउझर नुसता फिरत बसतो. याच मशीनवर विंडोज ९८ मधून त्याच नंबरला सगळं चालतं, म्हणजे लाईन बरी आहे. तीन रात्री गेल्यात, बिल आल्यावर बाबा काय करतील ते वेगळंच.

गावठी_गीक:
डीएनएस रे, साइटच्या नावावरून आयपी शोधणारी सोय. इटीसी मधली रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ फाइल रिकामी असणार. पीपीपीच्या (फोन लाईनवरून नेट जोडायची पद्धत) ऑप्शन्समध्ये यूजपीअरडीएनएस टाक, म्हणजे समोरून डीएनएसचे पत्ते घेईल, आणि परत लाव.

अर्धवट_आयटी:
टाकलं, फाइलमध्ये दोन नेमसर्व्हर आले पण. तरी तेच. नावाने सोड, आकड्याने पिंग केलं (आहेस का म्हणून हाक मारली) तरी उत्तर नाही. गंमत म्हणजे कनेक्ट होताना जो समोरचा आयपी दिसतो त्याला पिंग जातंय!

टीटीवाय_तात्या:
मग डीएनएसचा नाद सोड. समोरच्या टोकाला पिंग जातंय म्हणजे मोडेम, पीपीपी सगळं ठीक, त्याच्या पलीकडे जायचा रस्ताच मशीनला माहीत नाहीये. लॅन कार्ड आहे का आत? त्याला गेटवे (बाहेर जायचं दार) देऊन ठेवला असशील. आधीच डिफॉल्ट रूट (बाहेरचं सगळं जायचा ठरलेला रस्ता) असेल तर पीपीपीडी, म्हणजे पीपीपी चालवणारा प्रोग्राम, तो बदलत नाही, व्हार-लॉग-मेसेजेस या नोंदींच्या फाइलमध्ये 'नॉट रिप्लेसिंग एक्झिस्टिंग डिफॉल्ट रूट' अशी ओळ गुपचूप टाकतो आणि कनेक्ट झालो म्हणून मोकळा होतो. लाईन चालू असताना 'रूट -एन' दे, शेवटी ०.०.०.० च्या ओळीत ईथ० (लॅन कार्ड) दिसतंय का पीपीपी० (मोडेमची लाईन) ते सांग. (हा रूट रस्त्याचा, मालक रूट, म्हणजे मशीनचा मुख्य युजर, वेगळा. कमांड मात्र मालक होऊनच दे.)

अर्धवट_आयटी:
ईथ०!! गेटवे १९२.१६८.०.१. दादाच्या मशीनवरून गाणी घ्यायला कार्ड टाकलं होतं, तेव्हा सेटअपने विचारलं म्हणून भरलं, तो आयपी घरात कुणाचाच नाही.

टीटीवाय_तात्या:
लाईन तोड, 'रूट डेल डिफॉल्ट' दे, परत लाव. चाललं तर आयएफसीएफजी-ईथ० या कार्डाच्या सेटिंग फाइलमधली गेटवेची ओळ काढ, तिथे नसली तर सिसकॉन्फिग-नेटवर्क या फाइलमध्ये बघ, नाहीतर रीबूटनंतर परत येशील रडत. गाणी येत राहतील, घरातल्या घरात गेटवे लागत नाही.

अर्धवट_आयटी:
चाललं!!! तात्या तुम्ही देव आहात. ओळ सिसकॉन्फिग-नेटवर्क मध्येच होती.

नवा_भिडू:
मधेच घुसतो, माझं 'नो डायलटोन' येतं, पण फोन उचलला की टोन आहे, फक्त तुटक तुटक.

टीटीवाय_तात्या:
व्हॉइसमेल चालू असेल, तो तुटक टोन मोडेमला ओळखता येत नाही. डब्ल्यूव्हीडायल डॉट कॉन्फ मध्ये इनिट३ = एटीएक्स३ टाक, टोनची वाट न बघता नंबर फिरवेल. आणि पुढच्या वेळी नवा धागा काढ रे.