सात सामन्यांची अंतिम फेरीच अधिक न्याय्य

एकाच सामन्यात निकाल लावणारी अंतिम फेरीच खरी, असे एक मत आहे. मला ते पटत नाही. २०१६ च्या एनबीए (अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीग) अंतिम फेरीत क्लीव्हलँडचा संघ १-३ असा मागे पडला होता, तरीही उरलेले तिन्ही सामने जिंकून तो विजेता ठरला (सातवा सामना ९३-८९ असा अटीतटीचा झाला), आणि चुका ओळखून खेळ सुधारण्याची ही संधी बाद पद्धतीत कोणालाच मिळत नाही. आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यांतून पहाटेच्या एसटीने तालुक्याच्या स्पर्धेला आलेली मुले एकाच पराभवानंतर दुपारी परत निघतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. निदान उपांत्य फेरीपासून तीन सामन्यांची मालिका ठेवावी.