बारावी कुठून करायची? नागपूर, कोटा की मस्कत

मंडळी, नमस्कार.

लेकीची दहावी इथे मस्कतलाच झाली, सीबीएसईतून. इंजिनिअरिंगच करायचं म्हणते. अकरावी-बारावीला नागपूरला महाल भागात माझ्या आईकडे ठेवावं की सरळ कोट्याला पाठवावं, यावर घरात रोज वाद. आई म्हणते, "व्हीएनआयटीसारखं इंजिनिअरिंग कॉलेज गावात असताना पोरीला बाहेर कशाला धाडता?" आम्ही मूळचे नागपूरचे, म्हणजे महाराष्ट्राच्या जागा तिला मिळतीलच ना? आणि बाहेरच्या राज्यात फी जास्त पडते का? कोणाच्या मुलांचं नुकतंच झालं असेल तर सांगा.

*

बेटा, कोट्याचं पक्कं करायच्या आधी हे वाच.

एनआयटीत, म्हणजे व्हीएनआयटीसारख्या केंद्र सरकारच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत, होम स्टेट म्हणजे मुलानं बारावी ज्या राज्यातून पास केली ते राज्य. माहेर, डोमिसाइल काही विचारत नाहीत. निम्म्या जागा त्या राज्याला, निम्म्या बाकी देशाला, आणि दोन्हींचे क्लोजिंग रँक, म्हणजे प्रवेश मिळालेले शेवटचे नंबर, वेगळे. आम्ही मुलाला दहावीनंतर कोट्याला ठेवलं. क्लासवाल्यांनी तिथल्याच एका शाळेत त्याचं नाव घातलं, पण याबद्दल एका शब्दानं सांगितलं नाही. दोन वर्षांनी जोसाचा, म्हणजे प्रवेशाच्या जागावाटपाचा, फॉर्म भरायला बसलो तर राज्याच्या रकान्यात राजस्थान! बजाजनगरचा पोरगा, व्हीएनआयटीच्या भिंतीकडेनं सायकलवर शाळेत जायचा, आणि तिथेच तो बाहेरचा. माझी आई त्याचं आधार कार्ड घेऊन आली. "याच्यावर नागपूर लिवलं हाय ना, दाखव त्याइले." मला काही बोलताच येईना. जयपूरच्या एमएनआयटीत नंबर लागला, मन लावून शिकतोय. पण त्याची आई त्या रस्त्यानं जाताना आजही गप्प होते.

फीचं म्हणशील तर अमेरिकेतल्या स्टेट युनिव्हर्सिट्यांसारखं इथे नाही. एनआयटीची ट्यूशन फी घरच्या-बाहेरच्या सगळ्यांना सारखीच, वर्षाला 1,25,000. घरचं उत्पन्न 5 लाखांच्या आत असेल तर दोन तृतीयांश माफ, 1 लाखाच्या आत असेल तर पूर्ण.

तिनं मस्कतलाच बारावी केली तर पासपोर्टवरचा भारतातला कायमचा पत्ता धरतात. तो आजच बघून घे. शिवाय आखातात काम करणाऱ्यांच्या मुलांसाठी दासामध्ये, म्हणजे परदेशात शिकलेल्यांच्या प्रवेश योजनेत, सीआयडब्ल्यूजी नावाच्या वेगळ्या जागा असतात. जेईई मेन द्यावीच लागते, पण अकरावी-बारावीला तिला इकडे आणलंस तर ते दार बंद.

*

काका, खूप आभार. पासपोर्ट काढला. मागच्या रिन्यूअलला हैदराबादच्या फ्लॅटचा पत्ता टाकला होता, माझ्या डोक्यातच नव्हतं. म्हणजे इथून बारावी केली तर तिचं होम स्टेट तेलंगणा, घरचं कॉलेज वारंगळची एनआयटी. कोट्याचं नाव आता सोडलं. आईला फोन केला तर म्हणाली, "माडीवरची खोली झाडून ठेवते, पण पोरीला विचारलंस का?" विचारलं नव्हतं. आज रात्री जेवताना विचारते.